पिल्लाचे दांत आणि माणसाचा धीर

भंडारा हें पितळेचें गांव. येथील पितळी भांड्यांचा लौकिक जुना आहे, आणि 'भाणा' म्हणजे भांडें या शब्दाशींच लोक गांवाच्या नांवाचें नातें जोडीत आले आहेत. अशा गांवांतील एखाद्या घरीं कुत्र्याचें पिल्लूं आलें, म्हणजे त्या घरांत निर्धास्त राहते ती एकटी पितळेची घागर. चामड्याच्या वहाणा, लांकडी बाजेचे पाय, मुलांचीं पुस्तकें, दाराचा पडदा, तागाचें पायपुसणें, यांपैकीं कशाचाच भरंवसा उरत नाहीं.

श्रोत्यांनीं असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. वैनगंगेच्या कांठचें हें शहर. मध्यम स्थितींतलें कुटुंब. वडील नोकरींत, आई शाळेंत शिक्षिका, घरांत आजी आणि दहा वर्षांची एक मुलगी. रस्त्यावरील कुत्र्या आपल्याकडे बहुधा पावसाळा ओसरल्यावर, थंडीच्या तोंडाशीं वितात. कार्तिकांत जन्मलेलें असें एक तांबूस पिल्लूं संक्रांतीच्या सुमारास मुलीनें घरीं आणलें. त्याचें नांव मोती पडलें. तणीस भरलेल्या पोत्यावर त्याचें अंथरूण झालें, आणि पहिले सहा-सात आठवडे कौतुकांत गेले.

होळीच्या सुमारास मात्र घरांत खटके उडूं लागले. प्रथम गेली ती वडिलांची नवी कोल्हापुरी वहाण. तीहि एकच, म्हणजे दुसरी असून नसल्यासारखी. मग बाजेची दोरी गेली. मग प्रगतिपुस्तकाचा कोपरा गेला, पण त्याबद्दल मुलीला फारसें दुःख झालें नाहीं. अखेर गेला तो आजींच्या कोशाच्या लुगड्याचा पदर. मोहाडी तालुक्यांतील आंधळगांवच्या मागावर विणलेलें तें लुगडें आजींनीं लेकीच्या लग्नापासून जपलें होतें. त्या रात्रीं वडील म्हणाले, "उद्यां सकाळीं याला नदीपलीकडे सोडून येतों." मुलगी रडूं लागली. "बाबा, तो मुद्दाम नाहीं करत. त्याच्या तोंडाला रक्त लागलेलें मीं पाहिलें आहे."

सर्व प्रकरणाचा उलगडा त्या एका वाक्यांत होता; पण रागाच्या भरांत तो कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. मोती तेव्हां चार महिन्यांचा झाला होता, आणि त्याचे दुधाचे दांत पडत होते. पुष्कळ घरांतून पिल्लाचें आणि माणसांचें बिनसतें तें नेमकें याच वयांत. म्हणून या तीन महिन्यांत पिल्लाच्या तोंडांत काय चाललेलें असतें, हें पाळणाऱ्यानें आधीं नीट जाणून घ्यावें.

पिल्लूं जन्मतें तेव्हां त्याच्या तोंडाचें बोळकें असतें. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दांत दिसूं लागतात, आणि पिल्लूं दोन महिन्यांचें होण्याच्या आंत ते २८ भरतात. हे दांत सुईसारखे बारीक व तीक्ष्ण असतात. चौथा महिना लागला कीं प्रथम पटाशीचे दांत पडतात. पांचव्या-सहाव्या महिन्यांत सुळे व दाढा यांची पाळी येते. आणि सातव्या महिन्यापर्यंत कायमच्या दांतांची संख्या ४२ होते, वरच्या जबड्यांत २० आणि खालच्यांत २२. माणसाच्या मुलाला हीच उलाढाल करण्यास सहाव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत अवधि मिळतो. पिल्लाला ती तीन-चार महिन्यांत उरकावी लागते.

नवा दांत वर येऊं लागतो तसतसें दुधाच्या दांताचें मूळ विरघळत जातें. हिरडी फुगते, हुळहुळते, आणि कांहीं तरी दाबून धरलें कीं तिला बरें वाटतें. खेळण्यावर किंवा फरशीवर रक्ताचा एखादा थेंब दिसला, तर घाबरण्याचें कारण नसतें. बहुतेक दांत पिल्लूं गिळूनच टाकतें, आणि त्यापासूनहि अपाय होत नाहीं. हिरड्यांच्या या कुरकुरीला जोड असते ती कुतूहलाची. माणसाचें मूल हात लावून जग ओळखतें. पिल्लाला हात नाहींत, म्हणून तें तोंडानें ओळखतें. धन्याची वहाण त्याला प्रिय असते ती चामड्यासाठीं, आणि त्याहून अधिक धन्याच्या पायाच्या वासासाठीं. ज्या वस्तूला माणसाचा वास अधिक, ती आधीं दांतांखालीं जाते.

भंडारा जिल्ह्यांतील कोका अभयारण्य व त्यास लागून असलेलें नागझिऱ्याचें जंगल हीं २०१३ सालीं झालेल्या नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत येतात. त्या जंगलपट्ट्यांत रानकुत्र्यांचे कळप आहेत. रानकुत्र्याला घरच्या कुत्र्यापेक्षां दोन दाढा कमी, म्हणजे ४० दांत असतात. परंतु दुधाचे दांत पाडून नवे आणण्याचा क्रम त्यालाहि चुकलेला नाहीं. त्याच्या पिल्लांना कुरतडण्यास काटक्या आहेत, हाडें आहेत, आणि ज्याची किंमत मोजावी अशी एकहि वस्तु जवळपास नाहीं. घरांतल्या पिल्लाची ओढ तीच आहे. बदललें आहे तें त्याच्या भोंवतालचें सामान. तेव्हां पिल्लाची खोड मोडण्याच्या मागें न लागतां तिला वाट करून देणें, हाच या प्रश्नाचा शहाणपणाचा उपाय ठरतो.

पण बहुतेक घरांत आरंभ होतो तो शिक्षेनें. सायंकाळीं घरीं यावें, वहाणेचे तुकडे पाहावेत, पिल्लाला ओढून त्यांच्यापुढें उभें करावें आणि फटका द्यावा, असा हा क्रम असतो. त्यावर पिल्लूं कान पाडतें, शेपूट पोटाखालीं घेतें, नजर चुकवितें, आणि धनी म्हणतो, "पाहा, त्याला आपली चूक कळली आहे." या समजुतीची परीक्षा अमेरिकेंतील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं केली, आणि तिचा वृत्तान्त २००९ सालीं प्रसिद्ध झाला. खाऊ समोर ठेवून, त्याला तोंड लावूं नये अशी आज्ञा देऊन धनी बाहेर जाई. परतल्यावर कुत्र्यानें खाऊ खाल्ला कीं नाहीं हें त्याला सांगण्यांत येई. कधीं खरें, कधीं खोटें. तेव्हां असें दिसलें कीं, ओशाळलेला चेहरा कुत्र्याच्या अपराधावर अवलंबून नव्हता, धन्याच्या रागावण्यावर अवलंबून होता. ज्यांनीं कांहींच केलें नव्हतें, तीं कुत्रींहि रागावल्याबरोबर तितकींच ओशाळलीं. याचा अर्थ असा कीं, दोन तासांपूर्वीं फाडलेली वहाण आणि आतां बसलेला फटका यांची सांगड पिल्लाच्या मनांत बसत नाहीं. त्याला कळतें तें इतकेंच कीं, धनी घरीं आला म्हणजे भिण्याचें कारण असतें. भ्यालेलें पिल्लूं कुरतडणें सोडीत नाहीं. तें लपून कुरतडूं लागतें, आणि पुढें कधीं तोंडांतली वस्तु काढावयास गेलें तर गुरगुरूं लागतें.

आपल्याकडे ही गोष्ट फार पूर्वींच सांगून ठेविलेली आहे. महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्यपर्वाच्या आरंभींच, जनमेजयाच्या यज्ञमंडपांत सरमेचा पुत्र असलेलें एक कुत्रें येतें, आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. तें रडत आईकडे जातें. आई विचारते, तूं कांहीं अपराध केला असशील. तें सांगतें कीं, मीं हविर्द्रव्याकडे पाहिलेंहि नाहीं, मग चाटणें दूरच. तेव्हां ती देवशुनी सरमा राजापुढें येऊन जाब विचारते. राजाकडे उत्तर नसतें. आणि निरपराध्याला मारलेंत म्हणून तुमच्यावर न दिसणारें भय येईल, असा शाप ती देते. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभीं कुत्र्याच्या पिल्लाला झालेल्या अन्यायाची कथा यावी, हें हात उगारण्यापूर्वीं आठवण्यासारखें आहे.

मग करावें काय? पहिलें काम माणसांचें, आणि तें म्हणजे घर आवरणें. ज्या वस्तु जपावयाच्या, त्या पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर ठेवूं नयेत. वहाणा फडताळांत जाव्यात, पुस्तकें फळीवर जावींत, लुगडें पेटींत जावें. सर्व घर आवरणें शक्य नसेल तर एक खोली किंवा पडवीचा एक भाग अडवून घ्यावा, आणि घरीं लक्ष देण्यास कोणी नसेल तेव्हां पिल्लाला तेथें ठेवावें.

दुसरें काम म्हणजे चघळण्यासाठीं त्याच्या हक्काच्या तीन-चार वस्तु देणें. रबराचें खेळणें यासाठीं चांगलें. मात्र तें इतकें टणक नसावें कीं अंगठ्याच्या नखानें दाबलें असतां मुळींच दबूं नये, आणि इतकें लहान नसावें कीं घशांत जाईल. उन्हाळ्याच्या दिवसांत सर्वांत स्वस्त आणि गुणकारी उपाय म्हणजे जाड सुती फडकें भिजवून, पिळून, त्याला पीळ देऊन थंड करून देणें. थंडाव्यानें हिरडीचा ठणका कमी होतो. फडकें देतांना जवळ बसावें, आणि त्याचे धागे सुटूं लागले कीं काढून घ्यावें. कारण पोटांत गेलेला लांब धागा आंतड्याला चुण्या पाडतो, आणि प्रसंगीं शस्त्रक्रिया करावी लागते. थंड गाजराचा मोठा तुकडाहि पिल्लें आवडीनें चघळतात. शिजविलेलें हाड मात्र कधींहि देऊं नये. रविवारीं मटणाच्या ताटांतलें हाड प्रेमानें पुढें केलें जातें. पण शिजविलेल्या हाडाच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात आणि त्या घशांत किंवा आंतड्यांत रुततात. सूप-टोपलीचा बांबूहि असाच चिरफळ्या होणारा. दगड, शिंग, खूर व बर्फाचे कठीण खडे यांनीं कोवळा दांत तुटतो. जुनी वहाण 'ही तुझी' म्हणून देणें हीहि चूकच. जुन्या वहाणेंत आणि नव्या वहाणेंत फरक काय, हें पिल्लानें ओळखावें तरी कसें?

तिसरी गोष्ट अदलाबदलीची. पिल्लाच्या तोंडांत नको ती वस्तु दिसली तर ओरडूं नये आणि धांवूंहि नये. धांवलें कीं त्याला तो खेळ वाटतो. त्याची एखादी आवडती वस्तु किंवा खाऊचा तुकडा पुढें करावा, त्यानें पहिली वस्तु सोडली कीं शाबासकी द्यावी, आणि लगेच त्याचें खेळणें त्याच्यापुढें ठेवावें. दहा वेळां हें केलें म्हणजे सोडण्यांत तोटा नाहीं, हें त्याला पटतें. हाताला चावलें तर हात झटकूं नये. खेळ थांबवून क्षणभर उठून जावें. पिल्लें एकमेकांशीं खेळतांना हेंच करतात. फार जोरानें चावणाऱ्याशीं भावंडें खेळत नाहींत, आणि जबडा किती दाबावा हा पहिला धडा तेथेंच मिळतो. म्हणून पिल्लूं आठ आठवड्यांचें होण्यापूर्वीं आईपासून तोडूं नये.

चौथी गोष्ट विश्रांतीची. पिल्लाला दिवसाचे अठरा-अठरा तास झोंप लागते. मुलांनीं दुपारभर खेळवून दमविलेलें पिल्लूं शांत होण्याऐवजीं अधिकच चावतें, जसें झोंपेला आलेलें मूल अधिकच किरकिर करतें. सकाळीं व सायंकाळीं थोडें हिंडविणें, मध्यें चघळणें, मध्यें झोंप, असा क्रम बसला कीं निम्मी तक्रार आपोआप मिटते.

फाटलेल्या वस्तूंचें नुकसान भरून येतें. कांहीं वस्तु मात्र अशा आहेत कीं तेथें नुकसान होतें तें पिल्लाचें. विदर्भाच्या उन्हाळ्यांत घरोघरीं कूलर लागतो. त्याची तार जमिनीवरून जाते, आणि भोंवतीं पाणी सांडलेलें असतें. दांत शिवशिवत असलेल्या पिल्लाला ती तार म्हणजे आयती मेजवानी, आणि एका चाव्यांत प्राण जाऊं शकतो. तार भिंतीला उंचावर ठोकून घ्यावी, किंवा नळींतून न्यावी. दुसरा धोका तंबाखूचा. भंडारा-गोंदियाचा मुलूख तेंदूपत्त्याचा व विडीचा. शिवाय खर्ऱ्याची पुडी येथें खिशाखिशांत असते. विडीचें थोटूक किंवा खर्ऱ्याची पुडी पिल्लानें गिळली, तर तंबाखूंतील विषानें लाळ, उलट्या, थरथर व झटके येतात, आणि लहान पिल्लूं दगावूंहि शकतें. अंगणांतली कण्हेर सर्वांगानें विषारी आहे. द्राक्षें व मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण, आणि माणसांच्या अंगदुखीच्या व तापाच्या गोळ्या, हीं सारीं कुत्र्याला घातक आहेत. यांपैकीं कांहीं पोटांत गेल्याचा संशय आला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां वेष्टन हातांत घेऊन पशुवैद्याकडे जावें.

आतां सर्वांत गंभीर गोष्ट. दुधाच्या दांतांचा ओरखडा मुलांच्या हाताला रोजच लागतो, आणि "पिल्लूंच तर आहे" म्हणून तो सोडून दिला जातो. रस्त्यावरून आणलेल्या व लस न टोंचलेल्या पिल्लालाहि पिसाळरोग, म्हणजे रेबीज, असूं शकतो. त्याला वयाची आडकाठी नाहीं. रोगाचे विषाणु लाळेंत असतात, आणि लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस जवळजवळ कधींच वांचत नाहीं. रोगप्रतिबंधाचा मार्ग मात्र जुना व खात्रीचा आहे. १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं जोझेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोंचली व तो वांचला. आपल्या देशांत १९०० सालीं कसौली येथें पाश्चर संस्था निघाली. तरीहि जगांतील रेबीजच्या मृत्यूंपैकीं सुमारें एक तृतीयांश भारतांत होतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून दांत किंवा नख लागून कातडी फाटली, तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट असें कांहींहि लावूं नये. आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. पिल्लाला तीन महिन्यांचें होतांच रेबीजची लस द्यावी, आणि पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती चालू ठेवावी. दांत येण्याच्या कुरतडण्यांत पिल्लूं खातें, पितें, खेळतें, हांकेला येतें. जें कुत्रें एकाएकीं बदललें, ज्याची लाळ गळूं लागली, आवाज घोगरा झाला, जें लांकूड-दगड जें दिसेल तें चावूं लागलें आणि ओळखीच्या माणसावरहि धांवून आलें, त्याच्या जवळ जाऊं नये; ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें.

दांतांविषयीं एकदोन गोष्टी राहिल्या. सहा-सात महिन्यांनंतरहि नव्या सुळ्याशेजारीं जुना सुळा उभाच असेल, तर तो काढून घ्यावा लागतो; नाहीं तर नवा दांत वांकडा येतो आणि दोहोंच्या मध्यें घाण सांचून हिरडी कुजते. लहान चणीच्या जातींत हें विशेष आढळतें. याच वयांत डिस्टेंपरचा रोग होऊन गेला, तर कायमच्या दांतांवरचें कवच खडबडीत व तपकिरी राहतें. त्या रोगाची लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासूनच द्यावयाची असते. आणि सातव्या महिन्यानंतर कुरतडणें एका दिवसांत थांबेल, अशी अपेक्षा ठेवूं नये. नवे दांत जबड्यांत पक्के बसेपर्यंत, म्हणजे वर्षाचें होईपर्यंत, तें कमीअधिक चालतें. त्यानंतरचें कुरतडणें बहुधा एकटेपणाचें किंवा कंटाळ्याचें असतें.

राहिला प्रश्न नदीपलीकडे सोडून येण्याचा. पाळलेलें जनावर उपासमार होईल अशा स्थितींत विनाकारण सोडून देणें, हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. पण कायद्यापूर्वींहि एक विचार आहे. घरांत वाढलेल्या चार महिन्यांच्या पिल्लाला उकिरड्यावरचें अन्न मिळवितां येत नाहीं. त्या भागांतील कुत्रीं त्याला टिकूं देत नाहींत. आणि तें ज्याच्या त्याच्या मागें जातें, कारण माणूस म्हणजे आपला, एवढेंच त्याला ठाऊक असतें.

मोतीच्या घरीं त्या रात्रीं निर्णय दिला तो आजींनीं, आणि लुगडें त्यांचेंच होतें म्हणून तो देण्याचा अधिकारहि त्यांचाच होता. त्या मुलाला म्हणाल्या, "तुला दांत येत होते तेव्हां याच बाजेची कड तूं चावलीस. तुला कोणीं नदीपलीकडे सोडलें नाहीं रे." दुसऱ्या दिवशीं वहाणा फडताळांत गेल्या, कूलरची तार भिंतीवर चढली, आणि पदराचा फाटलेला तुकडा शिवून त्याचाच एक लहान बटवा झाला. मृगाच्या सरी आल्या तेव्हां तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशीं मुलीला तांदळाच्या कणीहून थोडा मोठा असा एक दांत सांपडला. तो तिनें आजींच्या बटव्यांत ठेविला. दारांत वहाणा पुन्हां उघड्यावर आल्या होत्या, आणि मोती त्यांच्याच शेजारीं झोंपला होता.